उपाहारगृहाचा गाळा आणि दलाल

उपाहारगृह काढू इच्छिणारा होतकरू तरुण जागेसाठी प्रथम दलालाकडे जातो. त्यात वावगे काही नाही. कोणता गाळा रिकामा आहे आणि त्या पेठेत भाड्याचा दर काय, हे दलालास चांगले ठाऊक असते. मात्र व्यवहार पार पडला तरच त्याला दलाली मिळते, हे विसरता कामा नये. कापड दुकानास सोयीचा गाळा भटारखान्यास योग्य असतोच असे नाही. म्हणून विसार देण्यापूर्वी जागेचा मंजूर वापर, धुराड्याची सोय, पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचा निचरा यांची खात्री स्वतः करून घ्यावी. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये घ्यावयाचा परवाना वा नोंदणी जागेनिहाय असते. जागा चुकली, तर दागिने गहाण ठेवून उभारलेले भांडवलही बुडते.

दलाली किती व ती कोणी द्यावयाची, हे आधीच लेखी ठरवावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील तरुणांना हे आवर्जून सांगावे. गाळा दलाल दाखवील. तो पारखणे हे ज्याचे भांडवल त्याचेच काम आहे.