धक्का बसला की तिथी का पाहायची नाही

21 मार्च 2024 ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. परभणी-नांदेडपर्यंत जमीन हलली. 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा तेवढाच धक्का. औंढा नागनाथला लागून असलेल्या आपल्या जिंतूर तालुक्यात अशा वेळी हमखास तिथी विचारली जाते. कारण किल्लारीचा भूकंप. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, पौर्णिमा तोंडावर होती, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायच्या आत सारं कोसळलं.

चंद्राचा जमिनीशी काहीच संबंध नाही, असं मात्र नाही. समुद्राप्रमाणे खडकालाही भरती येते. चंद्र-सूर्याच्या ओढीने पायाखालची जमीन रोज वीस-तीस सेंटिमीटर वर-खाली होते. सगळा परिसर एकदमच उचलला जात असल्याने ते कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि ही भरती वाढते. पण तिचा खडकावरचा ताण काही किलोपास्कल. भूकंपात मोकळा होणारा ताण त्याच्या हजारपट किंवा त्याहूनही जास्त असतो. तुटायलाच आलेल्या भेगेला चंद्र शेवटचा धक्का देऊ शकेल, ताण साठवू शकत नाही.

ग्रहांचं तर विचारूच नका. भरतीची ओढ अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे एकोणीस हजाराव्या भागाइतकी. गुरूची सुमारे दीड लाखाव्या भागाइतकी. फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत अष्टग्रही जमली, देशभर यज्ञ झाले, प्रलय आला नाही.

मग तिथी जुळते कशी? अमावास्या-पौर्णिमेचा दिवस, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस धरले, की महिन्याचे चौदा दिवस झाले. म्हणजे निम्मे भूकंप आपोआपच ‘जवळ’ येतात. 2001 मधला भूजचा भूकंप अमावास्येनंतर दोन दिवसांत झाला, तो लक्षात राहतो. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप अष्टमी उलटल्यावर झाला. त्याची तिथी कुणी सांगत नाही. हिंगोलीच्या मार्चच्या धक्क्याला पौर्णिमा चार दिवस दूर होती, जुलैच्या धक्क्याआधी अमावास्या होऊन चार दिवस उलटले होते.

2016 मध्ये जपानी संशोधकांना मोठ्या भूकंपांत भरतीच्या ताणाचा किंचित प्रभाव दिसला. 2018 मध्ये भूकंपशास्त्रज्ञ सुझन हफ यांनी जगभरचे आठ आणि त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंप तपासले. चंद्रकलेशी संबंध आढळला नाही. किंचित प्रभाव खरा धरला, तरी त्यावरून गाव, दिवस, वेळ सांगता येत नाही.

ताण येतो तो भारतीय भूपट्टाच्या उत्तरेकडच्या रेट्यातून, आणि काळ्या बेसाल्टखालच्या जुन्या भेगांत साठतो. किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचं जड माळवद अंगावर आल्याने. तशी घरं आपल्याकडेही आहेत. पुढचा हादरा बसण्याआधी माळवदावरची जादा माती उतरवून घ्या, फुगलेली भिंत गवंड्याला दाखवा आणि नव्या बांधकामात काँक्रीटचा आडवा पट्टा गाळू नका.