विधवेच्या नावावर १६० एकर

होमस्टेड कायदा, अमेरिका : २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांची सही, अंमल १ जानेवारी १८६३ पासून.

• हक्क : १६० एकर जमिनीवर दावा करण्याचा, कुटुंबप्रमुखाला किंवा वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्याला. विधवा ही कुटुंबप्रमुख, म्हणून दावा तिच्याच नावावर. नवरा असलेल्या बाईला सहसा ही मुभा नव्हती.

• अट : पाच वर्षे वस्ती, घर, लागवड; १९१२ पासून मुदत तीन वर्षे. नवरा मुदतीआधीच वारला, तर उरलेली वर्षे भरून जमीन विधवेला मिळे.

• घर : प्रेअरीवर, म्हणजे गवताळ मैदानांवर, झाडे विरळ. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचून भिंती. पावसात छत गळे, चिखल अंथरुणावर पडे. सरपण म्हणून बायसनचे वाळलेले शेण.

• मूळ रहिवासी : लाकोटा, पॉनी, ओमाहा आणि इतर जमाती. जमीन त्यांचीच होती.