गोळी सुटू नये, वजन वाढू नये

ज्या घरात मानसिक आजाराचे औषध चालू असते, त्या घरात काही महिन्यांनी एक नवीच चिंता उभी राहते. रात्रीची झोप परतलेली असते, भीती आणि संशय ओसरलेले असतात, मुलगा पुन्हा पेढीवर बसू लागलेला असतो. परंतु गेल्या दिवाळीला शिवलेला सदरा यंदाच्या पर्युषणात अंगाला होत नाही. आजार घराबाहेर सांगितलेला नसल्यामुळे त्याचे कारणही बाहेर सांगता येत नाही. मग नातलग आपापल्या परीने अर्थ लावतात. कोणी म्हणते, "बरे चालले आहे, अंग धरले." कोणी म्हणते, "जिभेवर ताबा नाही." ज्या समाजात लहान मुलेही हौसेने उपवास करतात, त्या समाजात हा दुसरा शेरा फार खोल लागतो. आणि मग एके दिवशी कोणालाही न सांगता गोळी बंद होते.

वाढलेल्या वजनाचे खरे संकट येथे आहे. औषध अचानक तुटले की काही आठवड्यांत वा महिन्यांत आजार उलटण्याची शक्यता वाढते, आणि प्रत्येक उलटीनंतर पूर्ववत होणे अधिक कठीण होत जाते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आधी हे समजून घेतले पाहिजे की ही वजनवाढ बहुतांशी औषधाचा परिणाम आहे, स्वभावाचा दोष नव्हे. तिच्यावर उपाय आहेत. गोळी टाकून देणे हा त्यांपैकी नाही.

भूक पोटात जाणवते, पण ठरते मेंदूत. मानसिक आजारावरील अनेक औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन यांचे संदेश घेणाऱ्या काही जागा अडवतात. त्यामुळे जेवण झाल्यावर "आता पुरे" हा निरोप उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. जोडीला सुस्ती येते, हालचाल मंदावते आणि शरीराचा साखर वापरण्याचा हिशेबही बिघडतो. सर्व औषधे मात्र सारखी नसतात. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांनी वजन सर्वाधिक वाढते. क्वेटियापिन व रिस्पेरिडोन मधल्या पायरीवर येतात. ॲरिपिप्राझोल, लुरासिडोन व झिप्रासिडोन यांनी तुलनेने कमी वाढते. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या व्हॅल्प्रोएट व लिथियमने, तसेच नैराश्यावरील मिर्टाझापिननेही वजन वाढू शकते. लिथियममुळे काहींची थायरॉईड ग्रंथी मंदावते आणि वजनवाढीला आणखी एक कारण मिळते.

स्किझोफ्रेनियावरील औषधांची तुलना करणारा एक मोठा अमेरिकन अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ओलान्झापिन घेणाऱ्या सुमारे ३० टक्के रुग्णांचे वजन मूळ वजनाच्या ७ टक्क्यांहून अधिक वाढले. ७० किलोच्या माणसाला हे सुमारे ५ किलो झाले. परंतु त्याच अभ्यासात रुग्णांनी सर्वाधिक काळ चालू ठेवलेले औषधही ओलान्झापिनच होते. एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात स्थिर झालेले मन, असा हा तोल आहे. तो डॉक्टर, रुग्ण आणि घरचे यांनी एकत्र बसूनच पाहायला हवा.

वजनाकडे दुर्लक्ष करणेही तितकेच चुकीचे ठरेल. गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असते, आणि त्यात हृदयविकार व मधुमेह यांसारख्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे धोका लवकर सुरू होतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. म्हणूनच भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर आणि स्त्रीची ८० सेंटीमीटर झाली की सावध व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. केवळ काट्यावर विसंबू नये. मोजपट्टीही हाताशी ठेवावी.

व्यापारी कुटुंबाला नोंदीचे महत्त्व सांगावे लागत नाही. औषध सुरू होण्यापूर्वीच वजन, कंबर, रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी यांची आरंभीची शिल्लक लिहून ठेवावी. अमेरिकेतील मधुमेह व मानसोपचार क्षेत्रांतील संस्थांनी २००४ साली मिळून सुचवलेला क्रम सोपा आहे. वजन चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्यात आणि पुढे दर तीन महिन्यांनी पाहावे. साखर व रक्तदाब बाराव्या आठवड्यात आणि मग दरवर्षी. आरंभीच्या वजनात ५ टक्के भर पडली की औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पहिल्या दोन-तीन महिन्यांतली वाढ पुढची दिशा दाखवते. २० किलो उतरवण्यापेक्षा ३ किलोंवर थांबवणे केव्हाही सोपे असते.

एकदा वाढलेले वजन कमी होत नाही, हा समजही खरा नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात गंभीर मानसिक आजार असलेल्या २९१ जणांवर १८ महिने चाललेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोणालाही उपाशी ठेवले नव्हते. गोड पेये व चटपटीत खाणे टाळणे, ताटातले प्रमाण कमी करणे, फळे व भाज्या वाढवणे आणि गटाने नियमित व्यायाम करणे, एवढाच कार्यक्रम होता. त्यात सामील झालेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांनी आपले ५ टक्के किंवा अधिक वजन उतरवले, तेही औषधे चालू असताना. वजन हळूहळू उतरले आणि उतरत राहिले. चीनमध्ये १२८ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहार-व्यायामाला मधुमेहावरील मेटफॉर्मिन या जुन्या व स्वस्त औषधाची जोड दिली असता १२ आठवड्यांत सर्वाधिक फायदा दिसला. हे औषध कोणाला द्यावे हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आता आपल्या घरांतील सर्वांत नाजूक प्रश्न. वजन वाढले की मनात पहिला विचार येतो तो तपाचा: या चातुर्मासात अठ्ठाई करू, आयंबिलची ओळी करू, वजनही उतरेल. भावना शुद्ध असली तरी लिथियम घेणाऱ्या व्यक्तीसाठी यात गंभीर धोका आहे. मूत्रपिंडे लिथियमला मिठासारखेच वागवतात. शरीरातील पाणी किंवा मीठ कमी झाले की ती लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण विषारी पातळीपर्यंत जाऊ शकते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे होत. त्यांना तपाचा थकवा समजून थांबू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. चौविहार उपवासात पाणी नसते, तिविहार उपवासात मीठ नसते आणि अलूण्या आयंबिलातही मीठ नसते, हे लक्षात घ्यावे. इतर औषधांच्याही अटी आहेत. लुरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या आहारासोबत घ्यावे लागते. झिप्रासिडोन रिकाम्या पोटी घेतल्यास त्याचे शोषण जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे गोळी घेतली जाते, पण औषध पोहोचत नाही.

रोजच्या चौविहाराचाही प्रश्न येतो. अनेकांची मुख्य गोळी रात्री झोपताना असते. सूर्यास्तानंतर काही घ्यायचे नाही म्हणून ती परस्पर टाळणे, किंवा दोन्ही वेळच्या गोळ्या सकाळी एकदम घेणे, दोन्ही घातक आहे. डॉक्टरांना नियम मोकळेपणाने सांगितला तर अनेकदा वेळ बदलून मिळते. जेथे मिळत नाही, तेथे पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत आणि त्यांत समाधी टिकवण्यासाठी औषध घेण्याची मोकळीक देणारा आगारही आहे, याची आठवण ठेवावी. स्थानकात किंवा मंदिरात गुरुभगवंतांना आजाराची खरी कल्पना देऊन मार्गदर्शन मागण्यात कमीपणा नाही.

बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊणोदरी येते. औषध घेणाऱ्यासाठी वाट हीच आहे. शास्त्रकारांनी पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास धरून त्याहून कमी घेण्याला ऊणोदरी म्हटले आहे. रोज, ठरल्या वेळी, थोडे कमी: औषधाने वाढवलेल्या भुकेला हीच शिस्त मानवते. दिवसभर उपाशी राहून पारण्याला भरपेट गोड खाणे मानवत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपली पद्धत येथे मोठा आधार ठरते, कारण औषधाची भूक अनेकांना रात्रीच अधिक छळते.

हे एकट्या रुग्णाने करायचे नसून घराच्या स्वयंपाकघराने करायचे आहे. घरात फरसाणाचे डबे भरलेले ठेवून एकालाच "तू खाऊ नकोस" म्हणणे हा छळ आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तेवढ्या खर्च करायला साधारण अर्धा तास भरभर चालावे लागते. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य म्हणून तुपात माखलेले खाकरे आणि शेव पुढे येतात. त्याऐवजी अख्खे मूग, हरभरे, घट्ट वरण असावे, त्याने पोट अधिक वेळ भरलेले राहते. लिथियमने तहान लागते. ती सरबताने न भागवता साध्या पाण्याने भागवावी. द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या घरांत पेट्या येतात, पण १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १६ ग्रॅम साखर असते. वाटीभर घेऊन पेटी झाकावी. लग्नाच्या पंगतीत आग्रहाचे वाढणे थांबवण्याची जबाबदारी शेजारी बसलेल्या घरच्या माणसाने घ्यावी.

व्यायामाचे लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढे ठेवले तरी पुरे. रात्रीच्या औषधाने सकाळी गुंगी असेल तर पहाटे उठवण्याचा हट्ट नको. दुपारनंतर, चौविहारापूर्वीचा तास त्यासाठी उत्तम. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या धावपट्टीवर नाशिककर दिवसाच्या दोन्ही टोकांना चालतात. त्यांत आपलेही दोघे असावेत. दम टिकू लागला की, डॉक्टरांना विचारून, म्हसरूळच्या गजपंथाच्या पायऱ्या आहेतच. वंदनाही घडते आणि पायांनाही काम मिळते. सोबत कोणी असले की मोडलेला नेम पुन्हा जुळतो.

कुटुंबाने उभे राहायचे ठरवले तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. ते लपवून न ठेवता वाणी यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ साली आलेल्या "देवराई" या चित्रपटालाही त्यांचे पाठबळ होते. आजार उघड झाला की रुग्णाच्या घरच्यांना एकमेकांशी बोलता येते आणि औषधांपासून आहारापर्यंतचे अनुभव एकमेकांना देता येतात. जेथे आजारच कुलूपबंद, तेथे वजनाबद्दल डॉक्टरांशीही धड बोलणे होत नाही.

एवढा मोकळेपणा सर्वांना लगेच जमणार नाही. परंतु घरात चौघांना खरे कारण ठाऊक असावे, आणि त्या चौघांनी वजनावरून टोमणा न मारण्याचा नियम पाळावा. भावंडाने आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या काट्यावर वजन घेऊन वहीत लिहावे. आकडा वर गेला तर बोलू नये, वही पुढच्या भेटीला डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळी थांबवण्याचा विचार मनात आला, किंवा घरातल्या कोणी तो बोलून दाखवला, तर आधी डॉक्टरांना फोन करावा. ते भेटत नसतील तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू असून मराठीतही बोलता येते. हा क्रमांक त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.