मागोवा-साधनांतील गाळणीची भाषा

गाझियाबाद जंक्शनात चार दिशांचे लोहमार्ग एकत्र येतात : दिल्लीचा, अलीगढ-कानपूरचा, हापूडवरून मुरादाबादेस जाणारा आणि मेरठ-सहारनपूरचा. तेथील एखाद्या नोंदणी-कारकुनास ‘मेरठची किंवा मुरादाबादची आणि मालगाडी असेल ती टिपावी’ अशी आज्ञा झाली, तर मेरठची प्रवासी गाडी त्याने टिपावी की सोडून द्यावी? कारकून मनुष्य असल्याने तो विचारून घेईल. संगणक विचारीत नाही. त्याच्या भाषेच्या कर्त्याने जो नियम घालून दिला असेल, त्याप्रमाणे तो मुकाट्याने अर्थ लावतो.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंतर्भागात, म्हणजे कर्नलमध्ये, क्षणोक्षणी असंख्य घटना घडत असतात. कोणी फाइल उघडतो, जाळ्यावरून पॅकेट येते, एक प्रक्रिया थांबून दुसरी चालू होते. या घटनांचा माग काढणारी साधने असतात. परंतु गजबजलेल्या यंत्रावर दर सेकंदाला लाखो घटना घडत असल्याने सर्वच टिपावयाच्या म्हटल्यास टिपण्याचाच भार यंत्रावर पडतो आणि ज्या दुखण्याचा शोध घ्यावयाचा त्याचे स्वरूपच पालटते. म्हणून गाळणी हवी, आणि ती घटनास्थळीच, कर्नलमध्ये, बसलेली हवी. नको असलेली नोंद बाहेर आणून मग टाकून देण्यात काहीच लाभ नाही.

गाळणीच्या भाषेवरील पहिले बंधन या स्थानातूनच उद्भवते. स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ साली बीपीएफ या गाळणीची रचना प्रसिद्ध केली. तीत टीसीपीडम्पच्या वापरकर्त्याने लिहिलेल्या पदावलीचे रूपांतर एका चिमुकल्या कार्यक्रमात होते आणि तो कर्नलच्या स्वाधीन केला जातो. या कार्यक्रमास केवळ पुढेच उडी घेता येते, मागे येता येत नाही. त्यामुळे तो कधीतरी संपणारच, याची हमी मिळते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या डीट्रेसनेही (२००५ सालच्या सोलारिस १० मधून ते सर्वांच्या हाती आले) आपल्या भाषेत आवर्तने ठेवली नाहीत. घटनेच्या नावापुढे दोन तिरप्या रेघांत अट लिहावयाची, आणि ती खरी ठरल्यास पुढील कृती व्हावयाची, एवढाच तिचा सांगाडा. काय बोलता येणार नाही, हे येथे भाषेच्या दारिद्र्यामुळे नव्हे, तर यंत्राच्या सुरक्षिततेसाठी ठरलेले आहे.

जे बोलता येते, त्याच्या अन्वयाचा प्रश्न मात्र उरतोच. डीट्रेसने सी भाषेचा संकेत स्वीकारला : ‘आणि’ हे ‘किंवा’पेक्षा बलवान. या संकेताने आपल्या कारकुनाने मेरठच्या सर्व गाड्या टिपल्या पाहिजेत. टीसीपीडम्पच्या पदावलीत ‘अँड’ आणि ‘ऑर’ यांचे बळ समान असून अन्वय डावीकडून उजवीकडे लागतो. म्हणजे मेरठच्याही केवळ मालगाड्याच टिपावयाच्या. दोन्ही संकेत आपापल्या जागी सुसंगत आहेत. घोटाळा होतो तो एका साधनाची सवय घेऊन दुसऱ्याकडे जाणाऱ्याचा. कंस घालावेत हे खरे. पण आज्ञा ज्या शेलमधून द्यावयाची, त्या शेललाही कंसांचा आपला अर्थ असल्याने ते अवतरणांत जपावे लागतात. चिन्हांच्या जोडीला ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ हे शब्द चालतात, त्याची सोय येथेच ध्यानात येते.

टीसीपीडम्पमध्ये एकदा ‘होस्ट’ म्हटले, की पुढील नावापाशी तो शब्द पुन्हा लिहावा लागत नाही. पाणिनीच्या सूत्रांतील अनुवृत्तीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ‘नॉट होस्ट अ अँड ब’ या पदावलीत ‘होस्ट’ पुढे चालतो, ‘नॉट’ चालत नाही. ‘अ नसावा आणि ब असावा’ असा तिचा अर्थ होतो, ‘दोन्ही नसावेत’ असा नव्हे. अष्टाध्यायीत अधिकार स्वरिताने दर्शविला जातो असे सूत्रच आहे. ती खूण पाठात उरली नाही, म्हणून वाचकास व्याख्यानाचा आधार घ्यावा लागतो. टीसीपीडम्पच्या वाचकाचा आधार म्हणजे त्याची माहितीपुस्तिका. तीतच ‘लेस’ या शब्दाचा अर्थ ‘कमी किंवा समान’ असा दिलेला आहे, हे जाता जाता सांगावयास हवे.

या साऱ्यांत सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गाळणीचे मौन. उत्तर रिकामे आले, तर घटना घडलीच नाही की प्रश्न चुकला, हे त्या रिकामेपणावरून कळत नाही. लिनक्सवरील एसट्रेसला केवळ ‘ओपन’ हा सिस्टिम कॉल टिपावयास सांगणारे अनेक जण पूर्वी योग्य उत्तर मिळवीत. २०१७ साली जीलिबसीच्या २.२६ या आवृत्तीपासून ‘ओपन’ हे फलन आतून ‘ओपनॅट’ला हाक मारू लागले. फाइली पूर्ववत उघडत राहिल्या. जुन्या गाळणीतून मात्र बहुधा एकही ओळ येईना. पदावलीत व्याकरणाची चूक नव्हती, म्हणून तक्रारही उमटली नाही. फाइलीचे नाव घेणारे सर्व कॉल एकाच संज्ञेखाली आणणारा ‘फाइल’ हा वर्ग एसट्रेसमध्ये आहे. त्याचे मोल अशा वेळी कळते.

लिनक्स कर्नलमधील घटना-गाळणीने नावांच्या बाबतीत दक्षता घेतली आहे. घटनेत नसलेल्या क्षेत्राचे नाव लिहिल्यास ती पदावली नाकारते, आणि गाळणीची फाइल पुन्हा वाचली असता तीच पदावली चुकीच्या निर्देशासह परत दाखविते. नाव खरे, पण अभिप्रेत अर्थाचे नव्हे, ही चूक मात्र तिलाही पकडता येत नाही. टीसीपीडम्प थांबताना किती पॅकेटे हाती लागली, किती गाळणीपर्यंत आली आणि किती कर्नलने गाळली, हे तीन आकडे देतो. शोध घेणाऱ्यास रिकामेपणाची पारख करण्यास त्यांचा पुष्कळ उपयोग होतो; तथापि मधल्या आकड्यात काही प्रणाली सर्वच पॅकेटे मोजतात, तर काही केवळ अटीत बसलेली.