मेरियन रोवरचा गाणारा पब

डब्लिनमध्ये सेंट स्टीफन्स ग्रीन बागेच्या कोपऱ्यावरून मेरियन रो हा छोटा रस्ता निघतो. तिथल्या ‘ओ’डोनह्यूज’ पबाची इमारत १७८९ सालची. आधी तिथे वाणसामानाचं दुकान होतं. १९३४ साली ओ’डोनह्यू कुटुंबाकडे ही जागा आली आणि तिथे पूर्णवेळ पब सुरू झाला. तिचं नाव जगभर गेलं ते मात्र १९६०च्या दशकात, गाण्यामुळे.

तोवर आयरिश लोकसंगीत म्हणजे खेड्यापाड्यांचा मामला. शहरी मंडळींना ते गावंढळ वाटे आणि डब्लिनच्या अनेक पबांत गाण्याला सक्त मनाई असे. इथे मात्र वाद्य घेऊन बसणाऱ्याला कुणी हटकलं नाही. स्पेनमध्ये गिटार शिकून आलेला रॉनी ड्रू, बँजोवाला बार्नी मॅकेना, ल्यूक केली आणि किरन बर्क यांची चौकडी इथेच जमली. सुरुवातीला गटाला ड्रूचं नाव होतं. ते त्यालाच रुचेना. केली तेव्हा लेखक जेम्स जॉइसचा ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह वाचत होता, म्हणून गट ‘द डब्लिनर्स’ झाला. १९६७ मध्ये त्यांच्या ‘सेव्हन ड्रंकन नाइट्स’वर आयर्लंडच्या सरकारी नभोवाणीने बंदी घातली. तेच गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोचलं. हे गाणं त्यांना मिळालं होतं जो हीनी या पारंपरिक गायकाकडून, आणि तोही याच पबात गाणारा.

इथल्या बैठकीला ‘सेशन’ म्हणतात. रंगमंच नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. भजनी मंडळासारखं, ज्याला येतं त्याने येऊन बसावं. पण शिस्त कडक. धून बहुधा दोन भागांची असते. प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि तो दोनदा वाजतो. अशी दोन-तीन आवर्तनं झाली की म्होरक्या न थांबता पुढच्या धुनेत शिरतो. बाकीच्यांचं लक्ष त्याच्याकडे.

अशा बैठकांतूनच मॅकेनाचा बँजो घडला. चार तारांचा टेनर बँजो त्याने फिडलसारखा, म्हणजे व्हायोलिनसारखा लावला, फक्त एक सप्तक खाली. शेजारच्या तारांत षड्ज-पंचमाचं अंतर आल्यामुळे फिडलच्या धुना त्याच बोटांनी बँजोवर वाजू लागल्या. आज बहुतेक आयरिश बँजोवादक तारा अशाच लावतात.

१९७७ मध्ये ओ’डोनह्यू कुटुंबाने पब विकला. पुढे तो आणखी एकदा विकला गेला. भिंतींवर डब्लिनर्सची चित्रं आली, पर्यटकांची रांग लागली. तरी बैठक मोडली नाही. या पबाने कुणाला संगीत शिकवलं नाही, की कलावंत घडवण्याची योजना आखली नाही. मालकांनी फक्त मज्जाव केला नाही, आणि तेवढं पुरलं.

डब्लिनला गेलात तर एक संध्याकाळ इथे जरूर काढा. मात्र वादकांच्या कोपऱ्यातली खुर्ची रिकामी दिसली तरी तिच्यावर बसू नका. ती उशिरा येणाऱ्या वादकासाठी राखलेली असते.