गॅमा किरणांचा पत्ता कसा लागतो?

औंढा नागनाथजवळच्या लायगो वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली, तेव्हापासून आपल्या हिंगोली जिल्ह्यातही आकाशाच्या गोष्टी निघू लागल्या आहेत. ही वेधशाळा गुरुत्वीय लहरींसाठी आहे. लहर कोणत्या दिशेने आली हे नेमके सांगता यावे, हे ती उभारण्यामागचे एक मोठे कारण. गॅमा किरणांचा अभ्यास निराळा. पण अडचण तीच. आले कुठून?

गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, फक्त डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा कोट्यवधी पट जोरकस. भिंगाला तो जुमानत नाही. २००८ साली अवकाशात सोडलेल्या फर्मी दुर्बिणीत टंगस्टनचे पातळ थर आहेत. त्यांत किरण शिरला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी कणांची जोडी निघते. या जोडीच्या वाटेवरून मूळ किरणाची दिशा ताडायची. माग काढण्यातलाच हा प्रकार. एवढे करूनही हाती लागतो तो आकाशाचा एक धूसर तुकडा, आणि त्यात दीर्घिका असतात शेकडो. नाव कोणाचे घ्यावे?

समजा, रात्री आपण आखाड्यावर जागलीला आहात. दूर क्षितिजावर उजेडाची फिकट झाक दिसते. त्या अंगाला गावे तीन. झाक कोणत्या गावाची, हे नुसते पाहून सांगता येणार नाही. पण ती एकाएकी विझली, आणि नेमक्या त्याच वेळी एका गावची वीज गेली होती असे सकाळी कळले, तर? (वीज जाण्याचा एवढा तरी उपयोग!)

ज्योतिर्विदही असेच करतात. काही दीर्घिकांच्या पोटात सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू तापतो आणि दोन बाजूंना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत उसळतात. एखादा झोत आपल्याकडेच रोखलेला असला, तर त्या दीर्घिकेला ब्लेझर म्हणतात. ब्लेझरचे तेज सतत कमीजास्त होते. गॅमा किरण वाढले आणि त्याच सुमारास एका ब्लेझरचा साधा प्रकाशही वाढला, की संशय बळावतो. एकदाच जुळले तर तो योगायोगही असेल. पुन्हा पुन्हा जुळावे लागते. नाव चुकले तर अंतर चुकते, आणि अंतर चुकले की शक्तीचा सगळा हिशेबच कोसळतो.

१९९१ मध्ये कॉम्प्टन उपग्रहाला ३सी २७९ या दीर्घिकेचे गॅमा किरण सापडले. ते निघाले सुमारे ५०० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती!

ब्लेझर रेडिओलहरीही फेकतो, म्हणून संशयितांची पहिली यादी रेडिओच्या नकाशांतून निघते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची दुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, या कामी येते. तिच्या आकाश-पाहणीतून ६ लाखांवर उगमांची यादी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखात हानले येथे २१ मीटर व्यासाची गॅमा दुर्बीण उभारली. तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. गॅमा किरण हवेवर आदळला की क्षणमात्र निळसर चमक उठते, तीच ही दुर्बीण टिपते.

फर्मीची २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली यादी ५०६४ उगमांची आहे. त्यांत ३१०० हून अधिक ब्लेझर निघाले. १३३६ उगमांपुढे मात्र नाव लिहायची जागा कोरीच होती.