प्रौढांचे गिलनविकार व वाचोपचारकाचे निरंतर शिक्षण

अनुभव हा उत्तम शिक्षक आहे, असे आपण सहसा गृहीत धरतो. सुताराचा सांधा सैल राहिला तर तो त्याच्या हाताला कळतो. शिक्षकाचे विवेचन दुर्बोध झाले तर ते विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर उमटते. प्रौढ रुग्णांच्या गिळण्याच्या विकारांवर उपचार करणाऱ्या वाचोपचारकाची स्थिती मात्र निराळी आहे. त्याने दिलेला सल्ला चुकीचा असला, तरी ती चूक त्याच्यासमोर प्रकट होईलच अशी शाश्वती नसते. या एका कारणामुळे त्याच्या पदवीनंतरच्या शिक्षणाचा प्रश्न इतर व्यवसायांतील तशाच प्रश्नाहून अधिक बिकट झाला आहे.

वाणीच्या उपचारकाकडे गिळण्याचे विकार का यावेत, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ओठ, जीभ, मृदुतालू, ग्रसनी व स्वरयंत्र हे अवयव बोलण्याच्या व गिळण्याच्या अशा दोन्ही क्रियांत राबतात, हे त्याचे सरळ उत्तर होय. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर व पुढे उचलले जाते, स्वरतंतू मिटतात आणि घास श्वासमार्गाला टाळून अन्ननलिकेकडे जातो. ग्रसनीतील हा सारा व्यवहार सुमारे एका सेकंदात उरकतो. पक्षाघात, कंपवात, मुखाचा किंवा घशाचा कर्करोग आणि त्यावरील शस्त्रक्रिया व किरणोपचार यांमुळे या व्यवहारातील मेळ बिघडला, म्हणजे अन्नाचा वा पाण्याचा अंश श्वासनलिकेत उतरू लागतो. निरोगी माणसाला अशा वेळी ठसका लागतो. परंतु ज्याच्या घशाची संवेदना मंदावली आहे, अशा रुग्णाला ठसका लागतच नाही. तो शांतपणे चहा पितो व आपणास काही त्रास नसल्याचे सांगतो. पुढे काही दिवसांनी त्याला न्यूमोनिया होतो; किंवा होतही नाही. त्या चहाचा व त्या न्यूमोनियाचा संबंध खाटेशेजारी उभ्या असलेल्या उपचारकाने केवळ निरीक्षणाच्या बळावर जोडावा, हे अशक्यप्राय आहे.

ही अदृश्यता दूर करण्याचे मोठे कार्य अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगमन यांनी केले. बेरियम मिसळलेले अन्न अल्प प्रमाणात देऊन गिळण्याच्या क्रियेचे चलत् क्ष-किरणचित्र घ्यावयाचे, ही पद्धत त्यांनी रूढ केली. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९८८ साली सुझन लँगमोर व त्यांचे सहकारी यांनी नाकावाटे लवचीक दुर्बीण घालून ग्रसनीची प्रत्यक्ष पाहणी करण्याची पद्धत मांडली. आता घसा दिसू लागला. परंतु दिसणे निराळे आणि दोघांना सारखे दिसणे निराळे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी परीक्षकांना एकाच रुग्णांची चित्रे दाखविण्यात आली, तेव्हा अन्न श्वासमार्गात गेले की नाही याबद्दल त्यांचे चांगले एकमत झाले. ते का गेले, कोणत्या अवयवाची हालचाल अपुरी पडली, याबद्दल मात्र तितकेसे झाले नाही. आणि उपचार तर याच दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो!

बॉनी मार्टिन-हॅरिस यांनी २००८ साली मांडलेली मूल्यमापनपद्धती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. गिळण्याच्या क्रियेची १७ अंगे निश्चित करून प्रत्येक अंगाला ठरावीक गुण देण्याची तीत योजना आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की ही पद्धत वापरू इच्छिणाऱ्याने प्रथम तिचे शिक्षण घ्यावे लागते आणि प्रमाणित उत्तरांशी त्याची उत्तरे ८० टक्के जुळल्याखेरीज तो उत्तीर्ण होत नाही. उपचारक कितीही ज्येष्ठ असला तरी त्याला यातून सूट नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते निरंतर शिक्षणाचा खरा नमुना हा आहे, कारण येथे शिकणाऱ्याची चूक त्याला ताबडतोब दाखविली जाते. प्रत्यक्ष व्यवसायात नेमके तेच घडत नाही.

याउलट सर्वत्र प्रचलित असलेले माप तासांचे आहे. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन आपल्या प्रमाणपत्रधारकांकडून दर तीन वर्षांत ३० तासांच्या शिक्षणाची अपेक्षा करते. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेनेही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गुणांची पद्धत अवलंबिली. अशी सक्ती अनावश्यक आहे असे मुळीच नव्हे; ती नसती तर कित्येकांनी पदवीनंतर पुस्तक उघडलेच नसते. पण तासांची मोजणी उपस्थितीची साक्ष देते, नजरेची नाही.

शिवाय येथे नवे शिकण्याइतकेच जुने विसरणेही आवश्यक असते. घशाला काडीने स्पर्श केला असता उबळ येते की नाही, यावरून रुग्ण सुरक्षितपणे गिळू शकेल की नाही हे ठरविण्याची प्रथा फार काळ चालू होती. १९९५ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी एक-तृतीयांशाहून अधिक जणांत ही उबळ आढळली नाही. आणि ते सर्व व्यवस्थित जेवीत होते. पातळ पदार्थ घट्ट करून देण्याच्या उपायाचेही तसेच. घट्ट द्रव सावकाश सरकतो, म्हणून श्वासमार्गात जाण्याचा संभव कमी होतो, हे क्ष-किरणचित्रात दिसते. परंतु २००८ साली स्मृतिभ्रंश वा कंपवात असलेल्या ५१५ रुग्णांवरील तीन महिन्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा घट्ट द्रव घेणारे व हनुवटी छातीकडे झुकवून साधे द्रव पिणारे यांच्या न्यूमोनियाच्या प्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही. उलट शरीरातील पाणी कमी होण्याचे प्रमाण घट्ट द्रव घेणाऱ्यांत ६ टक्के, तर दुसऱ्या गटात २ टक्के होते. न्यूमोनियाच्या कारणांचा शोध घेताना लँगमोर यांना तर १९९८ सालीच असे दिसून आले होते, की जेवण भरविण्यासाठी व तोंडाच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे आणि किडलेले दात ही या आजाराची महत्त्वाची पूर्वचिन्हे आहेत. ज्याचे शिक्षण यापूर्वी पूर्ण झाले, तो उपचारक दात घासण्याविषयी एक शब्दही न बोलता केवळ द्रव घट्ट करण्याचा सल्ला देत राहील, आणि त्याचा एकही रुग्ण त्याला तसे सांगणार नाही.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. अमेरिकेत २००२ सालच्या आहारयोजनेत द्रवांचे वर्गीकरण करताना नेक्टर व मध यांची नावे वापरली होती. त्यांतील मधाखेरीज आपल्या घरात ओळखीचे काही नाही, आणि मधही सर्वत्र सारखाच दाट असतो असे नाही. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर ० ते ७ अशी आठ श्रेणींची योजना तयार झाली, तिची कसोटी मात्र साधी आहे. १० मिलिलीटरच्या पिचकारीत द्रव भरावयाचा, दहा सेकंद वाहू द्यावयाचा आणि किती उरला ते पाहावयाचे. १ ते ४ मिलिलीटर उरल्यास पहिली श्रेणी, ४ ते ८ उरल्यास दुसरी, त्याहून अधिक उरूनही थोडा वाहिल्यास तिसरी. पिचकारीवरील शून्य ते दहा या खुणांमधील अंतर ६१.५ मिलिमीटर असावे लागते. सर्व पिचकाऱ्यांचे ते तसे नसते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तांदळाची पेज, कढी, आमटी यांची परीक्षा याच रीतीने करता येते. मात्र ती वाढतेवेळच्या उष्णतेला करावी, कारण पेज निवताना आळत जाते. शिवाय लाळेतील अमायलेझ पिष्टाचे विघटन करीत असल्याने वाटीत दाट असलेली पेज तोंडात रेंगाळली की पातळ होऊ लागते.

जिल्ह्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्या उपचारकाला महागडी अभ्यासवर्गे परवडणार नाहीत, हे खरे. परंतु एकाच रुग्णाचे चित्र दोन गावच्या दोघांनी परस्परांशी न बोलता पाहावे, आपापले निदान लिहून काढावे व मग ते ताडून पाहावे, यास फारसा खर्च नाही. निदाने जेथे जुळत नाहीत, तेवढाच एका सेकंदाचा भाग संथ गतीने पुन्हा लावावा आणि पुढील चर्चा त्यावरच करावी.